उस्तीनाबाईच्या लेकाचं रडणं

आमच्या रेणूचं, माझ्या नातीचं, वागणं मला पटलं न्हाई. सख्खा बाप गेला आन् ह्या पोरीनं डोळ्यातून टिपूस काढलं न्हाई. पुण्याहून आली, गाडीतून उतरली, बापाच्या पायापाशी बसली, ती तिरडी उचलेपर्यंत तशीच. पाय धरून. तोंडातून शब्द न्हाई. आलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेजारची झुंबरबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "शिकून शिकून पोरीचं पाणी आटलं का गं?" मी म्हणाले, "तुझी न शिकता कोणती नदी होऊन राह्यली?" घरच्या पोरीला मी बोलीन, बाहेरच्यानं बोलायचं काम न्हाई.

पर खरं सांगायचं तर त्या दिवशी रडले मी बी न्हाई. आन् माझं न रडणं हे रेणूच्या न रडण्यापेक्षा मोठं होतं. धावड्यात आन् आसपासच्या गावांत गोपिकाबाई, म्हणजे मी, आल्याशिवाय मयत उचलत न्हाईत, असं लोक चाळीस वर्षं म्हणत आले.

आमच्यात नुसतं रडत न्हाईत, शब्द लावून रडतात. मयताचं नाव घ्यायचं, त्याच्या खुणा सांगायच्या, चालायचा कसा, खायचा काय, मागं कुणाला टाकून गेला, ते सगळं सुरात. एक बाई ओळ काढते, बाकीच्या तिचा शेवट उचलून धरतात. सगळ्यांना हे येत न्हाई. मला येतं. ह्याला कुणी बोलवायला येत न्हाई, कळलं की जायचं असतं. जी माझ्या दारी रडली तिच्या दारी मी रडणार, हा कायदा. झुंबरबाईशी माझा बारा वर्षं अबोला होता. तरी तिची सासू गेली तेव्हा मी जाऊन घसा बसेपर्यंत रडले, आन् उठून तिच्याशी एक शब्द न बोलता घरी आले.

दुसरा कायदा असा, की मयताबिगर हे शब्द तोंडातून काढायचे न्हाईत. माझ्या सासूनं मला शिकवलं, पर घरात बसून कधी सूर काढून दाखवला न्हाई. मयताच्या दारातच शिकले. ती सांगायची, मोकळ्या घरात ते शब्द काढले तर ते माणूस शोधत फिरतात.

एवढी रडणारी मी, आन् माझा बिभीषण, माझा एकुलता लेक, शब्दाबिगर गेला. ते का झालं हे सांगायचं तर रेणूच्या रशियापासून सांगावं लागतं.

रेणू बारावीपर्यंत भोकरदनला शिकली. पुढं पुण्याला गेली आन् रशियन भाषा घेतली. का घेतली तर बाकीच्या वर्गांत जागा भरल्या होत्या, त्या वर्गात रिकाम्या होत्या. मी म्हणाले, "रिकामी जागा बघून बसायला ती काय एसटी हाय?" पर बसली ती बसलीच, आठ वर्षं झाली उतरली न्हाई. गावात कुणी विचारलं पोरगी काय करते, तर बिभीषण म्हणायचा, "रशियाचं करते." त्याच्या पुढचं त्याला बी ठाऊक न्हवतं. पर सांगताना मेंढरांमागची काठी खांद्यावरून खाली घ्यायचा आन् नीट उभा राहायचा.

सुट्टीत आली की सांगायची. ते लोक आईला मात म्हणतात, भावाला ब्रात. दोनाला द्वा, तिनाला त्री.

"मंग एवढ्या लांबचं शिकली काय?" मी म्हणाले. "हे तर आपलंच उचलून नेलंय त्यांनी."

बिभीषण हसला. "माय, त्यांनी बी असंच म्हणलं असंल."

"आणि मोठी माय," रेणू म्हणाली, "इंग्रजीत सगळ्यांना एकच. पण रशियनमध्ये आपल्यासारखं आहे. मोठ्याला तुम्ही, घरच्याला तू. देवाला तू."

"आन् मेलेल्याला?"

"मेलेल्यालाही तू. कितीही मोठा असो."

"बराबर हाय," मी म्हणाले. "मेल्यावर कोण मोठं राह्यलंय."

तिनं हे वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा बरं वाटलं. आपण काही बोलावं आन् ते पुण्याच्या वहीत जावं, ह्याचं बरं वाटतं माणसाला. मी चौथी शिकलेली बाई. ते बरं वाटणं मला पुढं लई महाग पडलं.

तिनं मोठा प्रबंध लिहायला घेतला होता. रशियातल्या खेड्यातल्या बाया मयताला कशा रडतात आन् आपल्या बाया कशा रडतात, दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघायचं. त्यांच्याकडं बी शब्द लावून रडतात म्हणे, आन् त्यांचं रडणं शिकलेल्या लोकांनी दीडदोनशे वर्षांपासून लिहून ठेवलंय. आपलं कुणी लिहून ठेवलं न्हाई. पौषात ती घरी आली ती फोन पुढं करूनच.

"मोठी माय, एकदा रडून दाखव ना."

"दाखव? तमाशा हाय का?"

"दहा मिनिटं. आपल्या बाजूचं माझ्याकडं काहीच नाही. माझ्या मॅडम म्हणतात, असा प्रबंध म्हणजे अर्धी भाकर."

"कुणाचं नाव घेऊन रडू? तुझं घेऊ का?"

तुळजा, माझी सून, रेणूची आई, चुलीपाशी होती. तिनं तवा वाजवला. "आत्याबाई, असं बोलू न्हाई."

"मंग तुझ्या लेकीला सांग, असं मागू न्हाई. एवढी गरज हाय तर थांब म्हणा. झुंबरबाईचा दीर चार महिने झाले अंथरुणावर हाय, आज-उद्या करत जाऊन राह्यलाय."

"मयताच्या दारात फोन धरून उभी राहू मी?" रेणू म्हणाली.

"ते बी बिलकुल न्हाई."

दोन दिवस ती फुगून बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात उन्हाला लोकर पिंजत बसल्ते, तर एक जाड पुस्तक घेऊन आली आन् माझ्यासमोर फतकल मारून बसली. म्हणाली, "तुला एक बाई सांगते."

त्या बाईचं नाव उस्तिन्या, माझ्या तोंडी उस्तीनाबाई. रशियातल्या एका खेड्यातली. नवरा न्हाई, एकच लेक. लेकाचं नाव तेरेन्ती, घरात म्हणायचे तेरेशा, जसं आम्ही बिभीषणला बिभा म्हणायचो. थंडीच्या दिवसांत तो घोड्याची गाडी घेऊन दुसऱ्या गावाहून गवत आणायला गेला. तिथं हातपाय गळून पडतात अशी थंडी. रस्त्यात दमला, जरा टेकावं म्हणून झाडाखाली बसला. घोडा एकटाच घरी आला. तिसऱ्या दिवशी लोकांना सापडला, तर तसाच बसलेला, झोपल्यासारखा.

मंग रेणूनं उस्तीनाबाईचं रडणं वाचलं. आधी त्यांच्या भाषेत. मला एक शब्द कळला न्हाई, पर ओळ कुठं चढते, कुठं उतरते ते बराबर कळलं. मंग आपल्यात सांगितलं. बाई म्हणत होती, तेरेशा, तू नवं घर बांधलंस, त्याला दार न्हाई, खिडकी न्हाई. तू पाखरू होऊन आलास तर मी ओळखू कशी. भुई, तू उकल, मला माझा लेक बघू दे.

मी पिंजणं थांबवलं. "चांगली रडते बाई," मी म्हणाले. "पुरायच्या पेटीला घर म्हणलं, ते लई चांगलं आणलं तिनं. आपल्यात तर घर बी न्हाई, जाळून मोकळे होतात. पर खुणा सांगत न्हाई."

"म्हणजे?"

"लेकाच्या अंगावरची एक खूण न्हाई तिच्या रडण्यात. असं रडणं कुणाच्या बी लेकाला चालंल. आई असं रडत न्हाई."

रेणू पुस्तकाकडं बघत राह्यली. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. चाळीस वर्षांत हजार मयतं रडलेली बाई मी, माझ्या तोंडातून खरं निघून गेलं आन् मलाच ऐकू आलं न्हाई.

मी विचारलं, "तिचा शेवट उचलून धरायला कोण होतं?"

"कुणी नाही. बर्फ होता. बायका पोचू शकल्या नाहीत. एकटीच."

"एक बी न्हाई?"

"एक पण नाही."

नवरा नसावा, लेक जावा, आन् ओळ काढली तर धरायला एक बाई नसावी. मी रेणूच्या डोळ्यात बघून विचारलं, "हे खरं झालं का? पोरगं खरंच गेलं?"

तिनं पुस्तक मिटलं. "हो. खरंच गेलं."

"किती वर्षं झाली?"

"दीडशे."

"मयताला जुनं-नवं नसतं," मी म्हणाले. "उद्या सकाळी त्याला रडते. मयत हाय म्हणजे कायदा मोडत न्हाई. तिच्या दारी कुणी गेलं न्हाई, आपण जाऊ."

दुसऱ्या दिवशी तुळजाला सांगितलं, मी अंघोळ करीपर्यंत चूल पेटवायची न्हाई. बिभीषण मेंढरं घेऊन डोंगराकडं गेला, तेव्हा वाडगं मोकळं होतं. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची काटेरी कुंपणाची जागा, आमचं घरापासून लांब, शेताच्या टोकाला. घरात नको म्हणून तिथं गेलो. रेणूनं फोन दगडावर ठेवला. मी म्हणाले त्याच्यावर फडकं टाक, तो डोळा वटारून बघतो.

मंग मी रडले.

*तेरेशा रं माझ्या बाळा, उस्तीनाबाईच्या काळजा,*
*घोडा घरी आला रं, त्याच्या पाठीवर कोण न्हाई.*
*बसल्या जागी निजलास, अंगावर कुणी घातलं न्हाई.*

इथपर्यंत उस्तीनाबाईचं होतं. पुढं खुणा पाहिजे होत्या. मला तेरेशाची एक खूण ठाऊक न्हवती. थांबले असते तर चाललं असतं, पर मी थांबले न्हाई.

*डाव्या भुवईचा वण रं, फुंकर घालून मीच वाळवला.*
*भाकरीचा काठ आधी खायाचास, मऊ मधलं मायला ठेवायाचास.*
*निजताना एक पाय बाहेर रं, घोंगडी कितीदा ओढू मी.*

वीस मिनिटं रडले. रेणू हुंदके देत होती. तिथनं उठून मी डोक्यावरून अंघोळ केली, रेणूला करायला लावली, मंग चूल पेटली. जेवताना ती म्हणाली, "मोठी माय..."

"काय?"

"काही नाही."

चौथ्या दिवशी ती पुण्याला गेली. मी झुंबरबाईला मुद्दाम सांगितलं, माझा आवाज पुण्याला गेला म्हणून.

पाडवा होऊन आठ दिवस झाले आन् एका संध्याकाळी मेंढरं एकटीच घरी आली.

चाळीस मेंढरं वाडग्यापाशी येऊन उभी, आन् मागं बिभीषण न्हाई. तुळजा म्हणाली, येत असतील मागून. माझ्या डोळ्यापुढं तो घोडा आला. पोरं डोंगराच्या अंगाला बघायला गेली. हिवराच्या झाडाखाली सापडला. बुंध्याला टेकून बसलेला, काठी खांद्याला, पटका मांडीवर. झोपल्यासारखा. डॉक्टर म्हणाले काळीज थांबलं, त्याला काही कळलं बी नसंल. एकोणपन्नास वर्षांचा होता.

सकाळी बाया आल्या. आठ गावच्या आल्या. ज्यांच्या ज्यांच्या दारी मी रडल्ते त्या सगळ्या आल्या आन् मला मध्ये घेऊन बसल्या. मी ओळ काढायची आन् त्यांनी धरायची म्हणून वाट बघत राह्यल्या. मी तोंड उघडलं. "बिभा रं" एवढं निघालं. पुढं जे यायला पाहिजे होतं ते भुवईचा वण, भाकरीचा काठ, घोंगडीबाहेरचा पाय. ते तर मी पौषातच देऊन टाकलं होतं, दुसऱ्याच्या लेकाला. माझ्याकडं माझ्या लेकाचं काही राह्यलं न्हाई. झुंबरबाईनं तिच्या फाटक्या सुरात दोन ओळी काढल्या. बाकीच्यांनी धरल्या. तिचे उपकार हायत, पर ते बिभीषणचं रडणं न्हवतं, कुणाच्या बी लेकाला चाललं असतं.

बायांना वाटलं, दुःखानं म्हातारीची वाचा गेली. रेणू तर तशीच बसलेली, बापाचे पाय धरून.

दहाव्याला माझ्या डोक्यात आलं. सगळे जेवून गेले, मी रेणूला बोलावलं. म्हणाले, "ते पुस्तक आण."

"कोणतं?"

"उस्तीनाबाईचं. तिच्या लेकाला मी रडले. आता तिनं माझ्या लेकाला रडायचं. तिचे शब्द वाच, तेरेशाच्या जागी बिभीषण म्हण. शेवट मी धरते."

रेणू जागची हलली न्हाई.

"आणतेस न?"

"मोठी माय, उस्तिन्या नाही."

"मेली असंल हे मला बी कळतं. शब्द तर हायत."

"नव्हतीच." ती भुईकडं बघून बोलत होती. "कधीच नव्हती. ती कादंबरी आहे. एका माणसानं मनानं लिहिली. उस्तिन्या त्यानं केली, तेरेशा त्यानं केला. असा कुणी मेला नाही. मला तुझा आवाज पाहिजे होता, आणि तू मयताशिवाय देत नव्हतीस."

मी उठले आन् आत गेले. चार दिवस तिच्याशी बोलले न्हाई. मनात एकच, मी रडणं मोकळं सोडलं. त्याला मयत न्हवतं. ते दोन-अडीच महिने डोंगराच्या कडेनं फिरलं, आन् त्याला बसलेला माणूस सापडला. आन् हे ह्या पोरीनं केलं. लोकांना सांगता येत न्हाई, तुळजाला तर बिलकुल न्हाई. मी तिच्या हातचं पाणी घेतलं न्हाई. तिनं वाढलेलं ताट सरकवलं.

आता म्हणाल, ही कसली आजी. म्हणा.

चौदाव्या दिवशी दुपारी तुळजा माझ्यापाशी आली. डोळे सुजलेले. "आत्याबाई, पोरीनं सगळे कागद पोत्यात भरलेत. पुण्याला जायचं न्हाई म्हणते. शिक्षण सोडलं म्हणते. दोन घास बी खात न्हाई. कुंकू गेलं, आता पोरगी बी अशीच जाऊन राह्यली. तुमचं काय बिनसलंय ते मला ठाऊक न्हाई. पर तुम्ही बोलल्याशिवाय ती उठायची न्हाई."

मी वाडग्याकडं गेले. रेणू तिथंच होती, दुपारचं ऊन डोक्यावर, मेंढरं कडेला सावलीत. पोतं शेजारी. मी दगडावर बसले, ज्या दगडावर तिनं फोन ठेवला होता त्याच्याच शेजारी.

"शिकलेली हायस," मी म्हणाले. "रडल्यानं माणूस मरतं का?"

"नाही मरत. मला माहीत आहे नाही मरत."

"मंग पोत्यात काय भरलंस?"

तिनं पोत्याचं तोंड आवळून धरलं. मंग म्हणाली, "माहीत आहे. तरी सकाळी उठले की वाटतं, मी मारलं बाबांना."

मला तिथंच माझं खरं बोलायचं होतं. त्याऐवजी म्हणाले, "ते लाव. मला ऐकायचंय."

"नको, मोठी माय."

"लाव म्हणते ना."

तिनं फोन दगडावर ठेवला. माझा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. दुसरीच कुणी बाई वाटली. चांगली रडत होती. घोडा आला, बसल्या जागी निजणं आलं. प्रत्येक ओळीनंतर ती थांबत होती, सवयीनं, बायांनी शेवट धरावा म्हणून. तिथं कुणी न्हवतं. नुसता वारा यायचा फोनमधून, आन् मंग पुढची ओळ.

*डाव्या भुवईचा वण रं...*

"थांबव," मी म्हणाले.

तिनं थांबवलं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"पुण्याला लिहून काढताना कळलं. रशियात भाकरी नसते, मोठी माय. त्यांचा जाड पाव असतो, त्याला असा काठ नसतो. मी तिथंच थांबले. मग वण परत ऐकला. बाबांना मेंढ्यानं शिंग मारलं होतं तो."

"सात वर्षांचा होता," मी म्हणाले.

"तू बाबांना रडत होतीस."

"मंग बोलली का न्हाईस? मी तुझ्या हातचं पाणी तोडलं चार दिवस."

"तू पण बोलली नाहीस," रेणू म्हणाली. "मला वाटलं, तुला ते माहीत नसावं. माहीत झालं तर तू जगणार नाहीस."

तेवढ्यात एक मेंढरू उठून दुसऱ्या सावलीत जाऊन बसलं. मी त्याच्याकडं बघत राह्यले. मला माहीत होतं. रडतानाच माहीत होतं. वण तोंडात आला तेव्हा जीभ दातात धरता आली असती. पर फोन चालू होता. पुण्याच्या मॅडम ऐकणार होत्या. उस्तीनाबाईच्या रडण्यात खुणा न्हाईत म्हणून मीच नाक मुरडलं होतं, आन् आता माझं बी तसंच फिकं गेलं असतं. मला त्या बाईपेक्षा चांगलं रडायचं होतं. म्हणून मी माझ्या जित्या लेकाच्या खुणा काढून तिच्या लेकाला लावल्या. मयत न्हवतं हे मला ठाऊक न्हवतं, हे खरं. पर माझा बिभा जिता हाय हे ठाऊक होतं.

"पहिल्यापासून लाव," मी म्हणाले.

तिनं लावलं. पहिली ओळ झाली, फोनमधली मी थांबले. त्या मोकळ्या जागेत रेणूनं शेवट धरला. "रं बाबा." सूर तिला येत न्हाई, आवाज फाटला, पर जागा बराबर धरली. दुसऱ्या ओळीला मी बी धरला. तिसऱ्याला वाडग्याच्या तोंडाशी तुळजा येऊन उभी राह्यली. आवाज ऐकून चुलीवरनं तशीच पळत आली असंल, हाताला पीठ होतं. भुवईचा वण आला, भाकरीचा काठ आला, तसं ती खालीच बसली. तिनं काही विचारलं न्हाई, फोन कुठनं बोलतो, आवाज कधीचा. तिनं शेवट धरला. फोनमध्ये मी तेरेशाचं नाव घ्यायचे, आन् आम्ही तिघी बिभा म्हणायचो.

वीस मिनिटं. रेणू इतकी रडली की मेंढरं उठून उभी राह्यली.

संपल्यावर तुळजा तोंड पुसून घराकडं गेली. मी उठले. गुडघे धरले होते, रेणूनं हात पुढं केला, तो मी घेतला. तिचं पोतं पायानं तिच्याकडं सरकवलं आन् म्हणाले:

"आता ऐक. तू खोटं बोललीस. त्याची माफी न्हाई, मी मरेपर्यंत न्हाई, वाट बघू नको. पर खोट्या पोराच्या अंगावर खऱ्या खुणा मी लावल्या, तू न्हाई. तेव्हा बापाचं ओझं एकटीच्या डोक्यावर घेऊन बसायचं तुझं काम न्हाई, माझा वाटा माझ्याकडं राहू दे. हे रडणं तेरेशाचं न्हाई. त्याचं नाव खोड. बिभीषण लिही, माय गोपिकाबाई लिही, गाव धावडा लिही. तारीख आधीची हाय ती तशीच ठेव. तुझ्या मॅडमनं विचारलं तर सांग, मायनं लेकाला आधीच रडून ठेवलं. सोमवारच्या गाडीनं पुण्याला जा, शिक्षण पुरं कर. आन् मी गेल्याचं कळलं की फोन तिकडंच ठेवून ये. मला शब्द लावून रडायला ह्या घरात आता तूच हायस. खुणा आतापासून बघून ठेव."